इन, ऑन, ॲट: 'त', 'वर', 'ला'चं भाषांतर करणं आधी थांबवा

इंग्रजी बऱ्यापैकी येणारी माणसंसुद्धा एका जागी हमखास अडखळतात, आणि ती जागा म्हणजे हे दोन-तीन अक्षरी बारके शब्द. इन, ऑन, ॲट, बाय, टिल, सिन्स. टेन्स सवयीने जमतात, स्पेलिंग फोनच सुधारून देतो, पण 'मी बसमध्ये आहे' हे सांगताना इन द बस की ऑन द बस, इथे येऊन गाडी अडते. मी स्वतः कित्येक वर्षं चुकत होते आणि मला ते माहीतही नव्हतं, कारण चूक केली तरी समोरच्याला अर्थ कळतो आणि कोणी टोकत नाही.

एकदा मात्र टोकलं गेलं. नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत एका परदेशी क्लायंटला मी मेल केला होता, 'आय विल डू द वर्क टिल मंडे'. माझ्या डोक्यात सरळ होतं, सोमवारपर्यंत काम करून देते. तिकडून उत्तर आलं की ठीक आहे, पण सोमवारनंतर हे काम कोण बघणार? मी तो मेल चार वेळा वाचला तरी मला कळेना की हा असं का विचारतोय. इंग्रजीत त्या वाक्याचा अर्थ 'मी सोमवारपर्यंत हे काम करत राहीन, मग थांबेन' असा होतो हे मला खूप नंतर समजलं.

तेव्हापासून मी या शब्दांच्या याद्या पाठ करणं सोडून दिलं आणि आपण मराठी माणसं नेमकी कुठे घसरतो ते बघायला लागले. खाली जे लिहिलंय ते त्यातूनच आलेलं आहे, क्रमाने वाचा, मधल्या पायऱ्या गाळू नका.

दुखणं नक्की कुठे आहे

हे तीन शब्द बघा. सोमवारी, सकाळी, रात्री. तिन्हीच्या शेवटी तीच 'ई' आहे, शाळेत शिकलो ती सप्तमी. आता इंग्रजी बघा. ऑन मंडे, इन द मॉर्निंग, ॲट नाईट. आपल्याकडे एक प्रत्यय, त्यांच्याकडे तीन वेगळे शब्द! आता जो माणूस मनात 'ई म्हणजे काय' असं शोधत बसेल तो तीनपैकी दोनदा चुकणारच, त्यात त्याचा काही दोष नाही, पद्धतच चुकीची आहे.

आपण हे संबंध शब्दाच्या मागे चिकटवतो, घर, घरात, घरावर, घरापासून. गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीतही नामांना असे विभक्तीचे शेवट लागायचे, पुढे शतकानुशतकं ते झिजत गेले आणि त्यांचं बरंचसं काम नामाच्या आधी येणाऱ्या या सुट्या शब्दांवर येऊन पडलं. म्हणून हे शब्द दिसायला एवढेसे असले तरी त्यांच्या डोक्यावर ओझं फार आहे.

तर पहिली पायरी हीच, मराठी प्रत्ययाचं भाषांतर करायचं नाही. त्याऐवजी बोलणारा त्या जागेकडे कसा बघतोय ते विचारायचं.

दुसरी पायरी: ठिपका, सरफेस, डबा

जागेबद्दल बोलताना इंग्रजी माणसाच्या डोक्यात ढोबळमानाने तीन चित्रं असतात. नकाशावर बोट ठेवावं तसा नुसता ठिपका असेल तर ॲट. एखाद्या सरफेसला वस्तू टेकलेली किंवा चिकटलेली असेल तर ऑन. आणि चारी बाजूंनी वेढलेली जागा, म्हणजे डबा, असेल तर इन.

ॲट द बस स्टॉप, ॲट द डोअर, ॲट द सिग्नल, इथे आत-बाहेरचा प्रश्नच नाही, भेटायचा एक पॉइंट आहे. इन द रूम, इन द बॉक्स, इन लंडन, इन जपान, इथे सीमा आहे आणि आपण तिच्या आत आहोत. ऑन द टेबल, ऑन द वॉल, ऑन द सीलिंग, इथे टेकलेलं आहे. वर असण्याशी ऑनचा काही संबंध नाही हे नीट लक्षात घ्या, पंखा छताच्या खाली लटकतो तरी तो ऑन द सीलिंगच असतो, आपण 'छताला पंखा' म्हणतो म्हणून तिथे टू घुसडायचा मोह होतो तेवढाच.

एकच जागा दोन चित्रांतही बसते. 'शी इज ॲट द एअरपोर्ट' म्हणजे ती विमानतळावर पोचलीये, मग ती पार्किंगमध्ये असो की गेटवर. 'इट वॉज कोल्ड इन द एअरपोर्ट' म्हणजे त्या इमारतीच्या आत गारठा होता. दोन्ही बरोबर, बोलणारा कुठून बघतोय एवढाच फरक. 'ॲट स्कूल' आणि 'इन द स्कूल' यातही हेच, पहिल्यात तो शिकायला गेलाय, दुसऱ्यात तो त्या इमारतीत आहे. शहरासाठी एरवी इन, पण प्रवासात मधला थांबा म्हणून सांगायचं असेल तर तेच शहर ठिपका होतं, 'द फ्लाइट स्टॉप्ड ॲट दुबई'.

पत्ता सांगताना हे तिन्ही एका ओळीत भेटतात. अमेरिकेचे अध्यक्ष राहतात ते व्हाइट हाउस 'ॲट १६०० पेनसिल्व्हेनिया ॲव्हेन्यू' आहे, कारण घरनंबर आला की ठिपका झाला. नंबर काढून टाकला की ते 'ऑन पेनसिल्व्हेनिया ॲव्हेन्यू' होतं, रस्ता ही एक लांब रेघ आणि घर तिला चिकटलेलं. आणि शहर सांगितलं की 'इन वॉशिंग्टन'. ब्रिटिश लोक मात्र रस्त्यालासुद्धा डब्यासारखं बघतात, दोन्ही बाजूंना इमारती आणि मध्ये आपण, म्हणून त्यांच्याकडे 'इन द स्ट्रीट' सर्रास चालतं. दोन्ही ऐकू येईल, गोंधळू नका, आपण एक धरून चालायचं.

तिसरी पायरी: जिथे मराठी आणि इंग्रजीचं चित्रच वेगळं आहे

ही पायरी मला सगळ्यात आवडते, आणि खऱ्या चुका इथेच होतात.

आपण म्हणतो बोटात अंगठी, पायात बूट. मराठीत 'त'. पण इंग्रजीला बोट हा डबा दिसत नाही, त्यांना अंगठी बोटाच्या सरफेसवर दिसते, म्हणून 'अ रिंग ऑन हर फिंगर', 'शूज ऑन हिज फीट'. खरं तर बूट पायात नसतोच, पाय बुटात असतो, पण आपलं तसंच बोलायचं ठरलंय. गळ्यात चेन असेल तर ती 'अराउंड हर नेक', कारण ती गोल फिरलेली आहे.

उलटं झाडाचं. आपण पक्षी झाडावर बसवतो, इंग्रजी माणूस त्याला 'इन द ट्री' म्हणतो, कारण फांद्या-पानांनी तो वेढलेला आहे. पण त्याच झाडाची पानं आणि फळं 'ऑन द ट्री', ती झाडाला चिकटलेली असतात ना. टेकलंय की वेढलंय, एवढाच प्रश्न.

खुर्चीचंही असंच. साध्या खुर्चीवर 'ऑन अ चेअर', पण हात असलेल्या, पाठ टेकून बुडून जाता येईल अशा खुर्चीत 'इन ॲन आर्मचेअर'. 'ऑन द बेड' म्हणजे पलंगावर, कपड्यांची घडीसुद्धा असू शकते, 'इन बेड' म्हणजे पांघरूण घेऊन झोपलेला. कोपऱ्याचे दोन प्रकार, खोलीच्या आतल्या कोपऱ्यात 'इन द कॉर्नर', रस्त्याच्या कोपऱ्यावर 'ऑन द कॉर्नर' किंवा 'ॲट द कॉर्नर'.

काही जोड्या सरळ मराठीसारख्याच आहेत, त्या फुकटात घ्या. फोनवर, टीव्हीवर, नकाशावर, बेटावर, दुसऱ्या मजल्यावर, या सगळ्यांना ऑन. आरशात, फोटोत, पेपरात, रांगेत, पावसात, उन्हात, आकाशात, या सगळ्यांना इन. फक्त मजल्याबाबत एक सावधगिरी, ब्रिटिशांचा फर्स्ट फ्लोअर म्हणजे तळमजल्याच्या वरचा आणि अमेरिकनांचा फर्स्ट फ्लोअर म्हणजे तळमजलाच, शब्द बरोबर वापरूनही तुम्ही चुकीच्या मजल्यावर जाऊन उभे राहू शकता.

चौथी पायरी: वाहनं

कार, टॅक्सी, छोटी होडी, इन. बस, ट्रेन, विमान, जहाज, ऑन. लक्षात ठेवायची एक युक्ती आहे, आत उभं राहून चार पावलं चालता येत असतील तर ऑन, वाकून शिरून बसावं लागत असेल तर इन. सायकल, मोटरसायकल आणि घोडा यांच्यावर बसायचं असतं म्हणून ऑन. युक्ती शंभर टक्के शास्त्रीय आहे असं नाही पण नव्वद वेळा वाचवते. चढण्या-उतरण्याची क्रियापदंही यालाच धरून येतात, बसमध्ये 'गेट ऑन' आणि 'गेट ऑफ', कारमध्ये 'गेट इन' आणि 'गेट आउट ऑफ'.

मग बाय कुठे? प्रवासाचं साधन कोणतं एवढंच सांगायचं असेल तेव्हा, आणि तेव्हा वाहनाच्या आधी काहीही येत नाही. बाय बस, बाय ट्रेन, बाय कार. 'बाय माय कार' किंवा 'बाय द बस' झालं की चुकलं, माय किंवा द आलं की परत इन आणि ऑनकडे जायचं, 'इन माय कार', 'ऑन द बस'. आणि पायी जाणं म्हणजे 'ऑन फूट', आपला 'ने' इथे काही कामाचा नाही.

पाचवी पायरी: वेळ

वेळेतही तेच तीन गडी, फक्त आता ते आकाराप्रमाणे उभे राहतात. सगळ्यात छोटा ठिपका ॲटकडे, एक दिवस ऑनकडे, त्याहून मोठं सगळं इनकडे.

घड्याळातली वेळ ॲट, ॲट फाइव्ह, ॲट टेन थर्टी, ॲट नून, ॲट मिडनाइट. वार आणि तारीख ऑन, ऑन फ्रायडे, ऑन द फिफ्थ ऑफ जून. महिना, ऋतू, वर्ष, दशक, शतक इन, इन जून, इन विंटर, इन २०१०, इन द नाइन्टीन्थ सेंचुरी.

दिवसाचे भाग मात्र जरा त्रासदायक. इन द मॉर्निंग, इन द आफ्टरनून, इन द ईव्हनिंग, पण ॲट नाईट. का, तर रूढी, वाद घालू नका. 'इन द नाईट' असंही ऐकू येतं पण तेव्हा बहुतेक वेळा ठराविक एका रात्रीत मधेच काहीतरी घडलं असं सांगायचं असतं, 'आय वोक अप ट्वाइस इन द नाईट'.

आणि यातली खरी मेख पुढे आहे. सकाळीला वार चिकटला की इन गळतो आणि ऑन येतो. इन द मॉर्निंग, पण ऑन मंडे मॉर्निंग. तारीख चिकटली तरी तेच, 'ऑन द मॉर्निंग ऑफ द फिफ्थ'. इतकंच काय, 'ऑन अ कोल्ड नाईट' असं विशेषण लावून एक विशिष्ट रात्र उचलली की तिथेही ऑन. म्हणजे वाक्यात कुठेही एक ठराविक दिवस दिसला की ऑन जिंकतो. हे एवढं एक पक्कं केलंत तरी अर्ध्या चुका जातील.

वीकेंडला ब्रिटिश ॲट लावतात, अमेरिकन ऑन. ख्रिसमसचा सगळा काळ 'ॲट ख्रिसमस', पण नेमका २५ डिसेंबर 'ऑन ख्रिसमस डे', परत तोच दिवसाचा नियम.

नेक्स्ट, लास्ट, धिस, एव्हरी यांच्या आधी काहीच लावायचं नाही. 'ऑन नेक्स्ट मंडे' नाही, 'नेक्स्ट मंडे'. 'इन लास्ट यिअर' नाही, 'लास्ट यिअर'. टुडे, टुमॉरो, यस्टरडे यांनाही काही चिकटत नाही. जाता जाता, 'टुडे मॉर्निंग' आणि 'यस्टरडे नाईट' हे आज सकाळी आणि काल रात्रीचं शब्दशः भाषांतर आहे, इंग्रजीत ते 'धिस मॉर्निंग' आणि 'लास्ट नाईट' असतं.

एक जोडी मराठीने आपल्याला तयार करून दिलीये. वेळेवर म्हणजे 'ऑन टाइम', वेळेत म्हणजे 'इन टाइम'. दहाची ट्रेन दहाला सुटली, ऑन टाइम. ट्रेन सुटायच्या दोन मिनिटं आधी आपण धापा टाकत पोचलो, इन टाइम. इथे मात्र खुशाल भाषांतर करा.

'इन द एंड' आणि 'ॲट द एंड' यात अशी मदत मिळत नाही कारण दोन्हीला आपण 'शेवटी' म्हणतो. 'अखेर एकदाचं' असा भाव असेल तर इन द एंड, 'इन द एंड, ही ॲग्रीड'. कशाच्या तरी शेवटच्या टोकाला असेल तर ॲट द एंड ऑफ, 'ॲट द एंड ऑफ द मीटिंग'. मागे ऑफ येतोय का बघा, येत असेल तर ॲट.

सहावी पायरी: पर्यंत, पासून, पूर्वी, नंतर

इथे वेळ काढा, कारण वरच्या चुकांनी फक्त इंग्रजी कच्चं वाटतं, इथल्या चुकांनी अर्थच बदलतो.

आधी 'पर्यंत'. आपल्याकडे 'शुक्रवारपर्यंत थांब' आणि 'शुक्रवारपर्यंत रिपोर्ट पाठव' दोन्हीला एकच शब्द. इंग्रजीत पहिल्याला टिल किंवा अन्टिल, दुसऱ्याला बाय. फरक असा, जी गोष्ट तोपर्यंत सलग चालू राहणार तिला टिल. थांबणं, झोपणं, काम करत राहणं, दुकान उघडं असणं. आणि जी गोष्ट एकदाच होणार, फक्त त्या मुदतीच्या आत कधीतरी, तिला बाय. पाठवणं, पोचणं, संपवणं, पैसे भरणं. 'वेट टिल फ्रायडे', 'सेंड इट बाय फ्रायडे'.

डाउट आला की मराठी वाक्यात 'च्या आत' किंवा 'उशिरात उशिरा' घालून बघा. 'उशिरात उशिरा शुक्रवारी रिपोर्ट पाठव' बरोबर वाटतं, म्हणून बाय. 'उशिरात उशिरा शुक्रवारी झोपून रहा' हे हास्यास्पद वाटतं, म्हणून टिल. माझा तो क्लायंट बिचारा या एका शब्दामुळे गोंधळला होता, 'आय विल फिनिश द वर्क बाय मंडे' लिहिलं असतं तर प्रश्नच आला नसता.

रजेच्या मेलमध्ये आणखी एक घोळ होतो. 'आय ॲम ऑन लीव्ह टिल मंडे', मग सोमवारी येणार की नाही? इंग्रजी वाचणाऱ्यांनाही हे पटकन कळत नाही. त्यामुळे सरळ पुढे जोडून टाका, 'आय विल बी बॅक ऑन ट्यूझडे'. भाषेपेक्षा शहाणपणाचा भाग झाला हा, पण कामाचा.

आता 'पासून'. 'मी पाच वर्षांपासून इथे काम करते' याचं आपण बिनधास्त 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' करतो. यात दोन चुका आहेत. सिन्सनंतर सुरुवातीचा क्षण लागतो, २०१९, सोमवार, लहानपण, लग्न, सकाळी नऊ. कालावधी असेल, म्हणजे पाच वर्षं, तीन तास, बरेच दिवस, तर फॉर. आणि दोन्हीच्या आधी क्रियापद 'हॅव बीन' वालं लागतं, नुसतं 'ॲम' नाही. म्हणून 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स' किंवा 'आय हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स २०१९'. तपासायची युक्ती, तो शब्द कॅलेंडरवर किंवा घड्याळावर बोट ठेवून दाखवता येतो का? येत असेल तर सिन्स. मोजावा लागत असेल तर फॉर.

आणि 'पासून' च्या जोडीला 'पर्यंत' असेल, नऊपासून पाचपर्यंत, तर तिथे सिन्स नाहीच, फ्रॉम. 'फ्रॉम नाईन टू फाइव्ह'. भविष्यातल्या सुरुवातीलाही फ्रॉम, 'फ्रॉम टुमॉरो'. अमेरिकन लोक 'मंडे थ्रू फ्रायडे' म्हणतात, त्यात शुक्रवार नक्की धरलेला असतो.

'पूर्वी' मध्ये आपण हमखास बिफोर टाकतो. 'आय मेट हिम बिफोर टू डेज' हे दोन दिवसांपूर्वीचं सरळ सरळ भाषांतर. आजपासून मागे मोजत असू तर अगो, आणि तो आपल्या प्रत्ययासारखा शेवटी येतो, 'टू डेज अगो'. बिफोरसाठी पुढे काहीतरी घटना हवी, 'टू डेज बिफोर द एक्झाम', म्हणजे परीक्षेच्या दोन दिवस आधी.

'नंतर' ची गंमत वेगळी आहे. आत्तापासून दोन तासांनी भेटू, तर 'इन टू अवर्स', आफ्टर नाही. आफ्टर शोभतो तो घडून गेलेली गोष्ट सांगताना, 'ही लेफ्ट आफ्टर टू अवर्स', किंवा घटनेनंतर, 'आफ्टर लंच'. इथे मराठी जास्त काटेकोर आहे बरं का, आपण 'दोन तासांत' आणि 'दोन तासांनी' असा फरक करतो, इंग्रजीचा इन दोन्हीकडे फिरतो. 'आय विल डू इट इन टू अवर्स' म्हणजे दोन तासांत संपवणार की दोन तासांनी हातात घेणार, काहीही निघू शकतं. मुदतीच्या आतच म्हणायचं असेल तर विदिन वापरा, 'विदिन टू अवर्स', मग शंका राहत नाही.

'दरम्यान' साठी ड्यूरिंग, पण त्याच्यापुढे घटनेचं किंवा काळाचं नाव हवं, 'ड्यूरिंग द मीटिंग', 'ड्यूरिंग द वॉर'. 'ड्यूरिंग टू अवर्स' चालत नाही, तिथे फॉर. आणि पुढे अख्खं वाक्य येणार असेल तर व्हाइल, 'व्हाइल आय वॉज ड्रायव्हिंग'.

सातवी पायरी: जिथे काहीच लावायचं नाही

आपला 'ला' फार चिकट आहे. घरी जा, त्याला विचार, स्टेशनला पोचलो. म्हणून आपण टू पेरत जातो. पण होम, हिअर, देअर, अब्रॉड, अपस्टेअर्स यांच्या आधी टू नाही, 'गो होम', 'कम हिअर'. मात्र माय आलं की टू परत येतो, 'कम टू माय हाउस'.

रीच एकटा पुरेसा आहे, 'आय रीच्ड द स्टेशन'. त्याच अर्थाचा अराईव्ह मात्र एकटा पुरत नाही, त्याला छोट्या जागेसाठी ॲट आणि शहर-देशासाठी इन लागतो, 'अराईव्ह्ड ॲट द स्टेशन', 'अराईव्ह्ड इन लंडन'. 'अराईव्ह टू' असं कधीच नाही. खोलीत शिरलो तर 'एंटर्ड द रूम', इन्टू नको. 'डिस्कस अबाउट' मधला अबाउट फालतू आहे, 'आस्क्ड टू हिम' मधला टू पण. हे चार-पाच एवढे पसरलेत की आता ऐकताना चूक वाटतच नाहीत.

उरलेले, पटापट

समोर. आपलं 'घरासमोर गाडी उभी आहे' आणि 'घरासमोर शाळा आहे' एकाच शब्दात होतं. गाडी त्याच बाजूला अगदी पुढ्यात असेल तर इन फ्रंट ऑफ, आणि शाळा रस्त्याच्या पलीकडे, तोंडासमोर असेल तर ऑपोझिट. पत्ता सांगताना हे चुकलं तर माणूस चुकीच्या बाजूला उतरतो.

मागे म्हणजे बिहाइंड. 'बॅकसाईड ऑफ द बिल्डिंग' कृपया सोडून द्या, बाहेरच्या लोकांना बॅकसाईड म्हटलं की माणसाचा पार्श्वभाग आठवतो.

मध्ये. दोघांत बिट्वीन आणि जास्त असले की अमंग, असं शाळेत शिकवतात, ते अर्धवट खरं आहे. वेगवेगळे मोजता येणारे असतील तर चारांतही बिट्वीन चालतं, स्वित्झर्लंड फ्रान्स, जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली या सगळ्यांच्या बिट्वीनच आहे. अमंग हा घोळक्यासाठी, 'अमंग द क्राउड'.

वर-खाली. नुसती उंची किंवा पातळी सांगायची तर अबव्ह आणि बिलो, 'बिलो झीरो', 'अबव्ह सी लेव्हल'. डोक्यावरून जाणं, पांघरणं किंवा ओलांडणं असेल तर ओव्हर, नेमकं खाली असेल तर अंडर. वयालाही ओव्हर आणि अंडर, 'अंडर एटीन'.

हालचाल असेल तर इन्टू, 'शी वॉक्ड इन्टू द रूम', मग आत पोचली की 'शी इज इन द रूम'. आणि बिसाइडला शेवटी 'स' लावू नका, बिसाइड म्हणजे शेजारी, बिसाइड्स म्हणजे शिवाय.

अजून एक भीती काढून टाका, वाक्याचा शेवट अशा शब्दाने करायचा नाही असं कोणीतरी कधीतरी सांगितलेलं असतं. 'व्हेअर आर यू फ्रॉम?' शंभर टक्के बरोबर आहे. जॉन ड्रायडन या कवीने १६७२ मध्ये बेन जॉन्सनच्या अशा वाक्यांना नावं ठेवली होती, तिथून हा आक्षेप पुढे मास्तरांच्या तोंडी बसला, पण लोक आधीही तसंच बोलत होते आणि आजही बोलतात.

सराव कसा करायचा

शब्द सुटा पाठ करू नका, जोडी पाठ करा. 'ॲट' नाही, 'ॲट नाईट'. 'ऑन' नाही, 'ऑन द बस'. इंग्रजी काही वाचताना किंवा ऐकताना 'अरे, मी इथे दुसरा शब्द वापरला असता' असं वाटलं की तेवढी जोडी फोनच्या नोट्समध्ये टाका, बाकीचं सोडा. दिवसाला दोन-तीन जोड्या जमल्या तरी बास. आणि स्वतःचे जुने पाठवलेले मेल उघडून त्यात टिल, सिन्स आणि बिफोर हे तीन शब्द सर्च करून बघा, आपल्या सवयीच्या चुका तिथे रांगेत उभ्या सापडतात. मला माझ्या सापडल्या, मोजल्या नाहीत, धीर झाला नाही.

आता हे करून बघा. प्रत्येक नंबरच्या जागी योग्य शब्द घाला, एका जागी काहीच येत नाही.

'माय ट्रेन लीव्ज (१) सेव्हन (२) मंडे मॉर्निंग. आय हॅव टू रीच (३) द स्टेशन (४) सिक्स थर्टी. माय सिस्टर विल बी स्टँडिंग (५) द मेन गेट विथ अ रेड कॅप (६) हर हेड. आय हॅव नॉट सीन हर (७) टू इयर्स. वी विल सिट (८) द ट्रेन अँड टॉक (९) मिडनाइट.'

उत्तरं. १ ॲट, घड्याळ. २ ऑन, मॉर्निंग असली तरी वार चिकटलाय. ३ काही नाही, रीच. ४ बाय, उशिरात उशिरा साडेसहा, आधी पोचलो तरी चालेल. ॲट घातलात तर नेमकं साडेसहालाच पोचायचंय असा अर्थ होतो. ५ ॲट, ठिपका. ६ ऑन, टोपी डोक्याला टेकलेली. ७ फॉर, दोन वर्षं मोजावी लागतात, बोट ठेवता येत नाही. ८ ऑन, चालता येतं आत. ९ टिल किंवा अन्टिल, गप्पा तोपर्यंत चालूच राहणार आहेत. इथे ज्यांनी बाय लिहिलं त्यांनी सहावी पायरी परत वाचा.